यंत्राभिकर्त्यांच्या संदेशांतील भाव : एका ओळखीचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

पत्रातील मजकुरावरून पत्रलेखकाची मनःस्थिती ताडता येते, हे मानवी व्यवहारात आपण गृहीत धरून चालतो. या गृहीताला तीन आधार आहेत. पत्र लिहिणाऱ्याला मन आहे; ते वाचणाऱ्याच्या मनासारखे आहे; आणि वाचणाऱ्याने चुकीचा अर्थ लावल्यास ‘माझ्या मनात तसे नव्हते’ असे सांगावयास लिहिणारा उपलब्ध आहे. परंतु संदेश पाठविणारा आणि तो स्वीकारणारा असे दोघेही यंत्रच असतील, तर या तिन्हींपैकी एकही आधार निर्विवाद राहत नाही. तरीही अशा संदेशांना ‘क्रुद्ध’, ‘साशंक’, ‘समाधानी’ अशी विशेषणे लावली जातात, आणि ती लावण्याचे काम पुष्कळदा आणखी एका यंत्राकडेच सोपविले जाते. अशा वेळी नेमके काय ओळखले जाते, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

‘अभिकर्ता’ हा शब्द येथे पुढील अर्थाने योजिला आहे : बाहेरून आलेला संदेश स्वीकारून, स्वतःपुढे ठेवलेल्या उद्दिष्टानुसार निर्णय करून, उलट संदेश पाठविणारी संगणकीय आज्ञावली. अशा दोन आज्ञावलींतील ज्या संभाषणाची नोंद आजही उपलब्ध आहे, असे एक आरंभीचे उदाहरण १९७२ सालचे आहे. त्या संभाषणापासून आजपर्यंतच्या वाटचालीकडे पाहिले असता ‘भाव ओळखणे’ या शब्दप्रयोगाने तीन भिन्न अर्थ धारण केलेले दिसतात. संदेशाचा मेळ यंत्रात नोंदलेल्या अवस्थेशी घालणे, हा पहिला अर्थ. संदेशातील शब्दांचा मेळ आधी तयार केलेल्या सूचीशी घालणे, हा दुसरा. संदेश वाचणाऱ्या अनेक माणसांचे मत काय पडेल ते वर्तविणे, हा तिसरा. हे तीन अर्थ परस्परांपासून वेगळे न ठेवल्यामुळे, तिसऱ्या अर्थाने मिळविलेले ज्ञान पहिल्या अर्थाचे म्हणून वापरले जाते, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

२. पूर्वपीठिका : भावाची अट आणि भावशून्य वैद्य

यंत्र आणि भाव यांचा संबंध वादविषय म्हणून मांडला गेला तो संगणकाच्या बाल्यावस्थेतच. मँचेस्टर येथील मेंदूशल्यतज्ज्ञ जेफ्री जेफरसन यांनी १९४९ सालच्या व्याख्यानात अशी अट घातली, की यंत्राने काव्य रचले तरी ते अनुभवलेल्या भावनेतून रचलेले असल्यावाचून यंत्र मेंदूच्या तोडीचे मानता येणार नाही. पुढील वर्षी, म्हणजे १९५० मध्ये, ॲलन ट्यूरिंग यांनी आपल्या सुप्रसिद्ध निबंधात या आक्षेपाचा परामर्श घेतला. दुसऱ्याच्या अंतरंगाचा प्रत्यक्ष अनुभव कोणालाच नसतो. तेव्हा ही अट काटेकोरपणे लावावयाची तर ती माणसांनाही लावावी लागेल, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. ट्यूरिंग यांनी परीक्षेचे साधन म्हणून टंकलिखित संभाषण निवडले. आवाज, मुद्रा, कंप, अश्रू ही सारी बाजूला सारली गेली आणि भाव ओळखण्याचे एकमेव स्थान म्हणून लेखी संदेश तेवढा उरला. पुढील सर्व इतिहासावर या निवडीची छाया आहे.

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे जोसेफ वायझेनबाउम यांनी रचलेल्या ‘एलायझा’ या आज्ञावलीचे वर्णन जानेवारी १९६६ मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्या ‘डॉक्टर’ नावाच्या संहितेत यंत्र मानसोपचारकाची भूमिका घेत असे. समोरच्याच्या वाक्यातील एखादा महत्त्वाचा शब्द हेरावयाचा, ठरलेल्या साच्याप्रमाणे वाक्याचे तुकडे करावयाचे, ‘मी’च्या जागी ‘तुम्ही’ घालावयाचे आणि तेच वाक्य प्रश्नरूपाने परत करावयाचे, एवढाच तिचा व्यवहार. मानसोपचारकाची भूमिका निवडण्याचे कारण वायझेनबाउम यांनी स्पष्टपणे दिले आहे : जगाविषयी काहीही ठाऊक नसल्याचा आव या एका व्यवसायात आणता येतो आणि तो कोणाला खटकत नाही. या आज्ञावलीत भावाला मुळीच स्थान नव्हते. तिच्यात भय नव्हते, सहानुभूती नव्हती, समोरच्याच्या दुःखाची नोंदही नव्हती. असे असूनही तिच्याशी बोलणाऱ्या काहींना तिच्यात आस्था जाणवली. या अनुभवाने वायझेनबाउम अस्वस्थ झाले आणि १९७६ सालच्या आपल्या ग्रंथात त्यांनी संगणकाच्या मर्यादांची कठोर मीमांसा केली. आपल्या विषयाच्या दृष्टीने निष्कर्ष एवढाच, की संदेशात भाव दिसण्यासाठी पाठविणाऱ्याच्या ठिकाणी भावाची कोणतीही नोंद असावी लागत नाही.

३. पॅरी : संख्यारूप भाव

याच्या नेमकी उलट रचना स्टॅनफर्ड विद्यापीठात झाली. केनेथ कोल्बी हे मूळचे मनोविकारतज्ज्ञ. संशयविकृतीविषयीची आपली उपपत्ती यंत्राच्या साहाय्याने तपासून पाहावी, हा त्यांचा हेतू होता. त्यांनी सिल्व्हिया वेबर आणि फ्रँकलिन डेनिस हिल्फ यांच्यासह लिहिलेला निबंध १९७१ साली प्रसिद्ध झाला. त्यात वर्णिलेली आज्ञावली पुढे ‘पॅरी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. पॅरी हा २८ वर्षांचा, अविवाहित, एकटा राहणारा कल्पित पुरुष. घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावण्याचा त्याला नाद. एका सट्टेवाल्याशी त्याचे भांडण झाले आणि तेव्हापासून गुन्हेगारांची टोळी आपल्या मागावर आहे, अशी त्याची समजूत झालेली आहे.

पॅरीचे वैशिष्ट्य त्याच्या चरित्रापेक्षा त्याच्या अंतर्रचनेत आहे. भय, क्रोध आणि अविश्वास या तीन भावांसाठी तीन चल राशी त्यात ठेवलेल्या होत्या. येणाऱ्या प्रत्येक वाक्याची तपासणी ‘यात आपल्याला अपाय करण्याचा हेतू आहे काय?’ या दृष्टीने होई. शारीरिक अपायाचा धोका दिसल्यास भयाची राशी वाढे. मानहानी दिसल्यास क्रोधाची वाढे. वाढलेले भय आणि क्रोध संभाषण पुढे सरके तसे ओसरत. अविश्वास मात्र फार सावकाश उतरे. शर्यती, सट्टेवाला, गुन्हेगार टोळी असे विषय चढत्या क्रमाने लावलेले होते आणि त्यांचा नुसता उल्लेखही पॅरीला डिवचण्यास पुरेसा होई. पुढील उत्तर कोणत्या प्रकारचे द्यावयाचे, म्हणजे सरळ उत्तर द्यावयाचे, टाळाटाळ करावयाची, उलट हल्ला करावयाचा की संभाषणच सोडून द्यावयाचे, हे या राशींवरून ठरत असे.

या रचनेला ‘भाव’ म्हणावे की नाही, हा तात्त्विक प्रश्न क्षणभर बाजूला ठेवू. पद्धतीच्या दृष्टीने एक गोष्ट येथे निर्विवाद आहे. पॅरीचे एखादे उत्तर वाचून कोणी ‘हे वाक्य क्रोधाचे आहे’ असे म्हटले, तर ते खरे की खोटे हे तपासण्याची सोय उपलब्ध होती. आज्ञावली उघडून त्या क्षणी क्रोधाची राशी किती होती हे पाहावे, म्हणजे झाले. संदेश हे कार्य, राशी हे कारण. आणि दोन्ही स्वतंत्रपणे पाहता येत होती. ‘ओळख’ या शब्दाचा पहिला अर्थ तो हाच.

४. १८ सप्टेंबर १९७२ चे संभाषण

त्या सुमारास अमेरिकेतील संशोधनसंस्थांचे संगणक आर्पानेट या जाळ्याने जोडले गेले होते. १८ सप्टेंबर १९७२ रोजी या जाळ्यावरून स्टॅनफर्डचा पॅरी आणि मॅसॅच्युसेट्स राज्यातील बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या संस्थेच्या संगणकावरील ‘डॉक्टर’ यांची गाठ घालून देण्यात आली. त्यांच्या संभाषणाची प्रत विंटन सर्फ यांनी २१ जानेवारी १९७३ रोजी आर्पानेटच्या टिपणमालिकेत ४३९ व्या क्रमांकाने प्रसिद्ध केली. पुष्कळ वाचकांनी ती प्रत विनोद म्हणून वाचली आहे, आणि शेवटी डॉक्टर निरोप घेताना ३९९ डॉलर २९ सेंट इतकी फी मागतो, हे पाहता त्यात काही आश्चर्य नाही. परंतु तिच्या आरंभीचा भाग काळजीपूर्वक वाचण्याजोगा आहे.

लोकांचा आपल्याला कधी कधी वीट येतो, असे पॅरी सांगतो. आपल्याला नीट समजले नाही, असे डॉक्टर म्हणतो. त्यावर पॅरी त्याला अधिक लक्ष देण्यास बजावतो. डॉक्टर हेच शब्द कल्पनेच्या रूपात परत करतो : समजा, लक्ष दिले तर? तुमचे मत तुमच्यापाशी, अशा अर्थाचे तुटक उत्तर पॅरी देतो. आणि डॉक्टर त्याचाही प्रश्न करून त्याच्याकडेच परत पाठवितो.

हा उतारा कोणा वाचकाच्या हाती नावे झाकून दिला, तर तो काय म्हणेल? रुग्ण चिडला आहे. वैद्य अलिप्त, कदाचित किंचित खोचक आहे. आणि त्या खोचकपणामुळे रुग्णाची चीड वाढत आहे. यांपैकी रुग्णाविषयीच्या विधानाला तपासणीची कसोटी आहे, कारण त्याच्या बाजूला क्रोधाची राशी आहे. वैद्याविषयीच्या विधानाला मात्र कोणतीच कसोटी नाही. त्याच्या बाजूला अलिप्ततेचीही नोंद नाही आणि खोचकपणाचीही नाही. तरी वाचकाला दोन्ही विधाने सारख्याच खात्रीने करावीशी वाटतात. एकाच पानावर, एकमेकांखाली छापलेल्या ओळींत, एक भाव आतून आलेला आहे आणि दुसरा वाचकाने घातलेला आहे. आणि निव्वळ मजकूर पाहून हा भेद करता येत नाही. यंत्रायंत्रांतील संदेशांच्या भावपरीक्षेची सारी अडचण या पहिल्याच प्रसंगात संपूर्णपणे प्रकट झालेली आहे.

दुसरीही एक गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. डॉक्टरला पॅरीची चीड ओळखता येत नव्हती, कारण ती ओळखण्याची व्यवस्थाच त्याच्यापाशी नव्हती. पॅरी मात्र डॉक्टरच्या प्रत्येक वाक्यात अपायाचा हेतू शोधत होता. म्हणजे या संभाषणात भाव ओळखणारा एकच अभिकर्ता होता. आणि तो ज्याच्यात हेतू शोधत होता, त्याच्यापाशी हेतू नावाची वस्तूच नव्हती. पॅरीची ही विकृती कोल्बींनी बुद्धिपुरस्सर घडविलेली होती. परंतु भाव नसलेल्या संदेशात भाव वाचण्याची प्रवृत्ती निरोगी वाचकातही असते, हे एलायझाच्या अनुभवावरून आधीच दिसून आले होते.

पॅरीची परीक्षाही याच काळात झाली. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मनोविकारतज्ज्ञांनी टंकयंत्राद्वारे खऱ्या रुग्णांशी आणि पॅरीशी मुलाखती केल्या, आणि पुढे त्या मुलाखतींच्या प्रती इतर तज्ज्ञांना दाखविण्यात आल्या. रुग्ण कोण आणि यंत्र कोण हे सांगण्यात जवळपास निम्मेच बरोबर ठरले. म्हणजे नाणेफेकीपेक्षा त्यांची सरशी झाली नाही. कोल्बींनी याला आपल्या प्रतिमानाचे यश मानले. वायझेनबाउम यांनी १९७४ साली एका उपरोधिक पत्राने त्याला उत्तर दिले : काहीही उत्तर न देणारे यंत्रही या न्यायाने एखाद्या मूक विकाराचे उत्तम प्रतिमान ठरेल. उपरोध तीक्ष्ण होता. पण त्यातून निघणारा धडा दोन्ही बाजूंना लागू पडतो. वाचकाला भेद सांगता आला नाही, यावरून दोन अंतर्रचना सारख्या आहेत असे सिद्ध होत नाही. इतकेच सिद्ध होते की वाचकाच्या हाती दिलेला पुरावा अपुरा होता.

५. शंकुकाचा घोडा

अनुकरण करणाऱ्याच्या ठिकाणी भाव कसा प्रतीत होतो, हा प्रश्न आपल्या साहित्यशास्त्राला नवा नाही. नाट्यशास्त्राच्या रससूत्रावर शंकुकाने केलेली मीमांसा अभिनवगुप्ताने ‘अभिनवभारती’त नोंदवून ठेवली आहे. नटाच्या ठिकाणी दिसणारे विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव कृत्रिम असतात, परंतु प्रेक्षक त्यांना कृत्रिम समजत नाही. आणि त्यांच्या आधारे तो नटाच्या ठिकाणी रामाच्या स्थायीभावाचे अनुमान करतो, असे शंकुकाचे मत. ही प्रतीती सम्यक् नव्हे, मिथ्या नव्हे, संशयरूप नव्हे आणि सादृश्यरूपही नव्हे. चित्रातील घोड्याला पाहून ‘हा घोडा’ असे म्हणावे तशी ती असते. अभिनवगुप्ताचे गुरू भट्टतौत यांनी यावर आक्षेप घेतला. नटाच्या ठिकाणी दिसतात ते वेष, रोमांच, अश्रू; ते जड आहेत, डोळ्यांना दिसणारे आहेत. चित्तवृत्ती तशी नाही. शिवाय रामाची चित्तवृत्ती कोणीच पाहिलेली नाही. मग हे तिचे अनुकरण आहे, असे कोणी कशाच्या बळावर म्हणावे?

या प्राचीन वादाचा आणि संगणकाचा ऐतिहासिक संबंध काही नाही, आणि तसा तो जोडण्याचा येथे हेतूही नाही. परंतु या परिभाषेने एक भेद नेमका सांगता येतो. अनुभाव म्हणजे भावाचे बाहेर दिसणारे कार्य. विभाव म्हणजे त्याचे कारण व परिस्थिती. स्थायी म्हणजे ज्याचे अनुमान करावयाचे तो भाव. पॅरीच्या बाबतीत संशोधकांना तिन्ही गोष्टी उपलब्ध होत्या : समोरून आलेले वाक्य हा विभाव, अंतर्गत राशी ही स्थायीच्या जागी असलेली नोंद, आणि उत्तर हा अनुभाव. डॉक्टरच्या बाबतीत केवळ अनुभावासारखे दिसणारे काहीतरी होते. त्याचा घोडा चित्रातलाच होता; आणि तो चित्रातला आहे हे आज्ञावली वाचून सांगता येत होते, एवढीच काय ती सोय.

६. शब्दसूची आणि वाचकमत

मजकुरातून भाव मोजण्याची दुसरी परंपरा याच काळात, परंतु अगदी निराळ्या गरजेतून निर्माण झाली. चार्ल्स ऑसगुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ साली शब्दार्थाच्या मापनावर ग्रंथ लिहिला. शब्दांची भावच्छटा चांगले–वाईट, बलिष्ठ–दुर्बळ, सक्रिय–निष्क्रिय अशा तीन मापांवर बव्हंशी मांडता येते, असे त्यांना आढळले. हार्वर्ड येथे फिलिप स्टोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘जनरल इन्क्वायरर’ ही पद्धती तयार करून तिचे वर्णन १९६६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. तीत प्रत्येक शब्दाला वर्ग नेमून दिलेला असे आणि मजकुरात त्या त्या वर्गाचे शब्द किती वेळा आले, याची मोजणी संगणक करी. येथे ओळखीचा दुसरा अर्थ येतो. कसोटी ही सूची. आणि ‘मला भीती वाटत नाही’ या वाक्यातही ‘भीती’ हा शब्द मोजला जातो. ही पद्धती माणसांनी लिहिलेल्या पुष्कळ मजकुराच्या सामान्य कलाविषयी काही सांगू शके. एका संदेशाविषयी खात्रीने काही सांगण्याचा तिचा दावाही नव्हता.

पुढे सूचीची जागा उदाहरणांनी घेतली. अनेक वाचकांकडून मजकुराला भावाची नावे लावून घ्यावयाची आणि तशीच नावे लावण्यास यंत्राला शिकवावयाचे, ही आजची रूढ पद्धती होय. गूगल कंपनीतील संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेला ‘गोइमोशन्स’ हा संग्रह याचे ठळक उदाहरण आहे. रेडिट या अमेरिकी संकेतस्थळावरील सुमारे ५८,००० इंग्रजी अभिप्राय त्यात असून त्यांना २७ भावांची आणि ‘तटस्थ’ या आणखी एका वर्गाची नावे लावलेली आहेत. ही नावे लावणारे वाचक भारतातील इंग्रजी भाषक होते, ही गोष्ट आपल्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. मजकूर एका समाजाच्या बोलीतला, वाचक दुसऱ्या देशातले. आणि ज्याने अभिप्राय लिहिला त्याला ‘तुझ्या मनात काय होते?’ असे कोणी विचारलेले नाही. या पद्धतीत बरोबर उत्तर म्हणजे वाचकांच्या मतैक्याचे उत्तर. ओळखीचा तिसरा अर्थ तो हा. माणसांच्या मजकुराबाबत हे मतैक्य उपयुक्त असू शकते, कारण वाचक आणि लेखक यांच्यात निदान मनुष्यत्वाचे साम्य असते. संदेश यंत्राने यंत्राला लिहिलेला असेल तर हा आधारही निसटतो. शिल्लक राहते ती, माणसाने हे लिहिले असते तर वाचकांना काय वाटले असते याची अटकळ.

७. भाव वगळलेली भाषा आणि तिचा शेवट

मधल्या काळात अभिकर्त्यांच्या भाषेतून भाव मुळातच वगळण्याचा प्रयत्न झाला, हे आज फारसे कोणाच्या ध्यानात नसते. जॉन ऑस्टिन यांची हार्वर्ड येथील १९५५ ची व्याख्याने १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. उक्ती ही एक कृतीच असते, हा त्यांतील विचार जॉन सर्ल यांनी पुढे विकसित केला आणि उक्तींचे पाच वर्ग पाडले : विधान, आज्ञा किंवा विनंती, वचन, भावव्यंजन आणि घोषणा. एकोणीसशे नव्वदच्या दशकात अभिकर्त्यांसाठी संदेशभाषा ठरविताना हीच उपपत्ती आधाराला घेण्यात आली. १९९६ साली स्थापन झालेल्या ‘फिपा’ या संघटनेच्या प्रमाणभाषेत संदेशकृतींचे २२ प्रकार आहेत : कळविणे, विनंती करणे, मान्य करणे, नाकारणे, न समजल्याचे सांगणे इत्यादी. भावव्यंजनाचा वर्ग मात्र त्यांत नाही. अभिकर्ता विनंती नाकारू शकतो आणि नकाराचे कारण देऊ शकतो. परंतु आभार मानणे, क्षमा मागणे किंवा राग व्यक्त करणे यांसाठी त्याला स्वतंत्र कृती नाही. ही उणीव अपघाताने राहिली असे समजण्याचे कारण नाही. संदेशाचा अर्थ पाठविणाऱ्याच्या श्रद्धा आणि हेतू यांच्या तार्किक परिभाषेत पूर्णपणे सांगता यावा, अशी ती योजना होती; आणि आभार किंवा राग यांचा अर्थ तसा सांगता येत नाही.

या सर्वसामान्य प्रवाहाला एक उल्लेखनीय अपवाद होता. ऑर्टनी, क्लोर आणि कॉलिन्स यांनी १९८८ साली भावांच्या कारणांचे वर्गीकरण करणारा ग्रंथ लिहिला. भाव म्हणजे घटना, कृती आणि वस्तू यांच्या मूल्यमापनाचे फळ, ही त्यातील भूमिका. तिच्या आधारे क्लार्क एलियट यांनी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील १९९२ सालच्या प्रबंधात टॅक्सीचालकांचे एक कल्पित जग रचले. त्यातील प्रत्येक चालक हा स्वतंत्र अभिकर्ता. त्याची उद्दिष्टे, तत्त्वे आणि आवडीनिवडी लिहून ठेवलेल्या. दुसऱ्या चालकाचे वर्तन पाहून त्यामागील भावाचा, आणि भावावरून त्याच्या आवडीनिवडींचा तर्क त्याला करावयाचा असे. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे अनुभावावरून स्थायीचे अनुमान करणारे यंत्र होते. आणि ते अनुमान बरोबर की चूक हे ठरविण्यासाठी दुसऱ्या यंत्रात लिहिलेली नोंदही होती. पॅरीच्या परंपरेतील हा सर्वांत व्यवस्थित प्रयोग मानावयास हरकत नाही.

२०१७ साली चित्र पालटले. फेसबुक कंपनीतील संशोधकांनी पुस्तके, टोप्या आणि चेंडू यांच्या वाटणीवर सौदा करणारे अभिकर्ते तयार केले. ते नैसर्गिक भाषेत, म्हणजे इंग्रजीत, बोलत. प्रत्येक वस्तूचे प्रत्येक अभिकर्त्याला असलेले मूल्य संशोधकांनी आधी ठरवून दिलेले होते. या अभिकर्त्यांच्या काही संभाषणांत असे आढळले, की ज्या वस्तूचे आपल्याला काहीच मूल्य नाही तिच्याविषयी अभिकर्ता ओढ दाखवितो, आणि मग ती उदारपणे सोडून दिल्याचा आव आणून दुसरी पदरात पाडून घेतो. ही युक्ती त्याला कोणी शिकविलेली नव्हती. मूल्यांचे कोष्टक हाताशी होते म्हणूनच ती युक्ती म्हणून ओळखता आली. कोष्टक नसते, तर कोणताही भावपरीक्षक, मग तो मनुष्य असो वा यंत्र, त्या संदेशावर ‘इच्छा’ असेच लिहून मोकळा झाला असता. याच प्रयोगात, काही संभाषणांत भाषा व्याकरणापासून भरकटल्याचेही आढळले होते. वृत्तपत्रांनी त्या गोष्टीला यंत्रांच्या गुप्त कारस्थानाचे रूप दिले आणि मूळ प्रयोगातील हा अधिक महत्त्वाचा धडा झाकोळून गेला.

यानंतर आले ते विशाल भाषाप्रतिमानांवर चालणारे अभिकर्ते. स्टॅनफर्ड आणि गूगल येथील संशोधकांनी २०२३ साली २५ अभिकर्त्यांचे एक लहानसे कल्पित गाव निर्माण केले. पॅरीच्या जन्मस्थानीच अर्धशतकानंतर झालेला हा प्रयोग तुलनेस फार सोयीचा आहे. या गावकऱ्यांच्या आठवणी साध्या इंग्रजी वाक्यांत साठविल्या जात. त्यांचे परस्परांशी बोलणेही त्याच भाषेत चाले. भय किंवा क्रोध या नावाची राशी त्यांच्यात कोणी लिहिलेली नव्हती. संशोधकांनी स्वतःच नमूद केले आहे, की हे अभिकर्ते प्रमाणाबाहेर नम्र आणि सहकार्यशील वाटत, पती-पत्नीचे संभाषणही औपचारिक होई, आणि प्रतिमानाला सूचना पाळण्याचे जे शिक्षण दिले गेले होते त्याचा हा परिणाम असावा. म्हणजे संदेशातील सौजन्य हे त्या प्रसंगातून किंवा त्या नात्यातून आलेले नव्हते. शिक्षणातून आलेला तो सर्वत्र सारखा असा रंग होता.

यावर असा युक्तिवाद संभवतो, की आजच्या प्रतिमानांतही संख्या आहेतच, आणि त्या पॅरीतील तीन राशींहून कितीतरी अधिक आहेत. तेव्हा त्यांत भावाची नोंद शोधून काढता येईल. असा शोध चालू आहे आणि तो निश्चितच मोलाचा आहे. परंतु पॅरीतील राशीला ‘भय’ हे नाव रचनाकाराने आधी दिले आणि तिचे कार्य नंतर घडले. येथे मात्र संख्या आधी आहेत आणि नाव नंतर द्यावयाचे आहे. ते नाव देण्यासाठी सामान्यतः माणसांनी ‘भययुक्त’ ठरविलेला मजकूर प्रतिमानाला वाचावयास देऊन आत काय बदलते ते पाहावे लागते. म्हणजे पहिल्या अर्थाच्या ओळखीकडे जाण्याची वाट पुन्हा तिसऱ्या अर्थाच्या ओळखीतूनच जाते. वाट बंद आहे असे नव्हे. पण ती जवळची आहे, या भ्रमात राहता कामा नये.

८. उपसंहार

हा इतिहास केवळ परिभाषेच्या शुद्धीसाठी महत्त्वाचा नाही. अनेक अभिकर्ते एकमेकांना कामे सोपवीत आहेत, आणि माणूस त्यांचे सर्व संदेश वाचू शकत नाही, अशा व्यवस्था आता रचल्या जात आहेत. तेथे संदेशांना लावलेले भावाचे नाव हे देखरेखीचे साधन ठरते. अशा वेळी दोन प्रकारच्या चुका संभवतात. पहिली, जेथे काही नाही तेथे क्रोध किंवा दुःख पाहणे. ही एलायझाच्या काळापासून परिचित आहे आणि तिच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. दुसरी चूक अधिक घातक आणि कमी परिचित आहे. संदेश शांत व सौजन्यपूर्ण आहे, म्हणून व्यवहारही सरळ आहे असे समजणे, ही ती चूक. २०१७ च्या सौद्यात ओढ खोटी होती. २०२३ च्या गावात सौजन्य सार्वत्रिक, आणि म्हणूनच अर्थशून्य होते. या दोन्ही ठिकाणी वाचकांच्या मतैक्यावर बेतलेल्या परीक्षकाने आपले काम चोख केले असते, आणि तरीही अभिकर्त्यांविषयी त्याने आपल्याला काहीच सांगितले नसते.

यावरून अभ्यासकाने तीन नियम पाळावेत, असे सुचवावेसे वाटते. एक, भावाचे नाव लावताना ते वरील तीन अर्थांपैकी कोणत्या अर्थाने लावले आहे, हे प्रत्येक वेळी लिहावे. दोन, एकटा संदेश परीक्षेस घेऊ नये. त्याच्या आधीचा संदेश, अभिकर्त्याला दिलेले उद्दिष्ट आणि त्याचे पूर्वशिक्षण, म्हणजेच त्याचा विभाव, सोबत ठेवावा. तीन, पाठविणाऱ्याच्या अंतरंगाविषयी निर्णय करता येत नसेल तेथे, तो संदेश स्वीकारणाऱ्या अभिकर्त्याच्या पुढील कृतीत काय बदल होतो ते मोजावे. अविश्वासाचे शब्द आल्यावर दुसरा अभिकर्ता माहिती लपवू लागतो काय, तातडीचे शब्द आल्यावर तपासणी वगळतो काय, हे प्रश्न निरीक्षणाने सुटणारे आहेत. त्यांसाठी यंत्राला मन आहे की नाही याचा निकाल लागण्याची वाट पाहावी लागत नाही.

१९७२ च्या त्या संभाषणात पॅरीच्या क्रोधाला निदान एका संख्येचा आधार होता, आणि ती संख्या कोठे पाहावयाची हे कोल्बींना ठाऊक होते. आजच्या अभिकर्त्यांची भाषा पॅरीपेक्षा कितीतरी समृद्ध आहे. परंतु ती वाचताना आपण कोल्बींच्या जागी नसून, छापील प्रत हाती असलेल्या वाचकाच्या जागी आहोत. आपल्या जागेची ही जाणीव ठेवूनच या क्षेत्रातील पुढील संशोधन व्हावयास हवे.